रुसलेल्या गिऱ्हाइकांसाठी चौथं पत्र

सोमवार, ४ मार्च

वहिनी,

खुशाली वगैरे राहू दे, आधी हे वाचा. आई आल्यात. इथे, आमच्याकडे! आत्ता आत हातपाय धुतायत आणि मी पार्सलांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून हे खरडतेय. घाईत आहे, अक्षर बघून तुम्हाला कळेलच.

बेल वाजली. मला वाटलं कुरिअरवाला, म्हणून आतूनच ओरडले, "थांबा हो जरा, पळून नाही जात कात्र्या!" बेल पुन्हा वाजली. तणतणत उठले, एका हातात कात्री, दातात चिकटपट्टीचा तुकडा, तशीच जाऊन दार उघडलं. तर समोर आपली सासू! हातात तीच निळी बॅग, जी घेऊन सात महिन्यांपूर्वी तुमच्याकडे निघून गेल्या होत्या.

मी कात्री धरून दार अडवून उभी.

"अगं सरक की," त्या म्हणाल्या. "बोलावलंस आणि आता दारात उभी करतेस होय?"

"मी बोलावलं?"

"मग काय शेजारणीनं? तुझं पत्र मिळालं. वाचलं आणि निघाले." आणि माझ्या गालाला हात लावून आत गेल्या. वहिनी, गालाला हात! आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी माझ्या गालाला कधी हात लावला नव्हता. मी दार लावायचं विसरले, शेवटी कुरिअरवाल्यानंच येऊन लावलं.

आता मुद्द्याचं. मी पत्र लिहिलेलं नाही. शपथेवर सांगते, सात महिन्यांत मी त्यांना एक ओळ लिहिलेली नाही. लिहायला हवी होती, तो भाग वेगळा. ह्यांनी लिहिलं म्हणाल, तर हे लिफ्ट दुरुस्तीचा कागद सोडून कशावर सहीसुद्धा करत नाहीत. मग उरलं कोण? वहिनी, खरं सांगा. तुम्हाला आईंचा कंटाळा आला आणि तुम्ही माझ्या नावानं पत्र लिहिलंत का? रागावू नका, विचारतेय फक्त. तुम्ही थोरल्या, मी धाकटी, मला तुमच्याशी भांडायचं नाहीये. पण तुम्ही माझा फोन उचलत नाही. आज चार वेळा लावला. ईमेल करणार होते, पण माझी ईमेल आली की लोकांना वाटतं कात्र्यांवर सूट आहे, आणि उघडत नाहीत. म्हणून हे हातानं लिहून कुरिअरवाल्याच्या गळ्यात मारतेय.

त्या का गेल्या हे तुम्ही त्यांच्याकडून ऐकलंच असेल, चांगलं तिखटमीठ लावून. माझी बाजू कुणी ऐकलीच नाही. आमचं दुकान डावखुऱ्यांचं, आणि ते आईंमुळेच निघालं हे मी कधी नाकारलं नाही. जन्मभर त्यांनी उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरून लोकांचे कपडे बेतले, अंगठ्याला एवढा घट्टा पडला. ह्यांनी कुठून तरी डावखुरी कात्री मागवून दिली, तेव्हा बाईंनी आनंदाच्या भरात एक धडकी चादर कापून तिच्या चिंध्या केल्या. ते बघून मला सुचलं, की अशी माणसं आणखी असतील. कात्र्या, सोलण्या, उलट्या आकड्यांच्या मोजपट्ट्या, सगळं मी नेटवर विकायला ठेवलं आणि आई प्रत्येक पार्सलात हातानं लिहिलेली चिठ्ठी टाकायच्या.

चिठ्ठ्या काय असायच्या, ते तुम्हाला माहीत नाही. "कापडाच्या कात्रीनं कागद कापाल तर पस्तावाल, मग मला सांगू नका." "तुमचं अक्षर भयंकर आहे, पत्ता लावताना आमच्या सुनेचे डोळे गेले." एका बाईंना लिहिलं, "एवढ्याशा सोलणीसाठी तीनदा भाव करणं बरं दिसत नाही." त्या बाईंनी चिठ्ठीचा फोटो काढून सगळ्या जगाला दाखवला. महिनाभर विक्री बसली. तेव्हा मी ते आपोआप ईमेल पाठवणारं सॉफ्टवेअर घेतलं आणि चिठ्ठ्या बंद केल्या. आई त्याला "तुझा पोपट" म्हणायच्या. मी फारसं काही बोलले नाही, एवढंच म्हटलं की आता चिठ्ठ्यांची गरज नाही. त्यांनी बॅग भरली.

उत्तर पाठवा. आतून हाक येतेय.

तुमची धाकटी

गुरुवार, ७ मार्च

वहिनी,

तुमची माफी मागते. ते पत्र तुम्ही लिहिलेलं नाही. कुणी लिहिलंय ते मला कळलंय, आणि कळल्यापासून मी आईंच्या नजरेला नजर देत नाहीये.

परवा जेवताना ह्यांनी विचारलं, "आई, असं काय लिहिलं होतं हिनं, की तू तडक निघालीस?" आईंना तेच हवं होतं. टॅब आणला, हात लांब करून समोर धरला, आणि शाळेत धडा वाचतात तसं मोठ्यानं म्हणायला लागल्या.

"प्रिय आई. खूप दिवस झाले, तुम्ही फिरकला नाहीत. आमचं काही चुकलं का?"

हे शब्द मला ओळखीचे वाटले.

"चुकलं असेल तर मोकळेपणानं सांगा, पण असा अबोला धरू नका. तुमची जागा अजून रिकामीच आहे, तिथे दुसरं कुणी बसलेलं नाही."

वहिनी, "जागा" लिहू की "खुर्ची" लिहू यावर मी स्वतः एक अख्खी दुपार घालवली होती!

"तुमच्याशिवाय इथे करमत नाही. या. आलात तर पंधरा टक्के सूट. तुमचीच, दुकानवाली."

तुम्हाला समजावून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल हिला वेड लागलं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये पत्रं एकदा लिहून ठेवायची, मग ते ज्याला त्याला वेळेवर पाठवतं. नवीन माणूस आलं की स्वागताचं पत्र. कोणी कात्री निवडून पैसे न भरता निघून गेलं, तर "तुमची कात्री वाट बघतेय" असं पत्र. कात्री घेतली की पंधरवड्यानं तिला तेल कसं द्यायचं ते पत्र. खोटं कशाला बोलू, ह्या पत्रांनीच दुकान वर आलं. पूर्वी पार्सलं एका पिशवीत मावायची, आता कुरिअरवाला हातगाडी घेऊन येतो. आणि जे सहा महिने दुकानात फिरकत नाहीत, त्यांच्यासाठी एक वेगळी मालिका आहे. तिला मी "रुसलेली गिऱ्हाइकं" म्हणते. आईंनी वाचलं ते तिच्यातलं चौथं पत्र; पहिली तीन नुसती सवलतींची, ती त्यांनी जाहिरात समजून उघडलीच नसणार.

पहिल्यांदा सगळं चालतंय का बघायला मी आईंचाच पत्ता घातला होता. नावाच्या रकान्यात काय घालणार? "आई" घातलं. तो पत्ता काढायचा राहिला. पोपटाच्या लेखी आपली सासू म्हणजे सहा महिने न फिरकलेलं एक गिऱ्हाईक. त्यानं पत्रावर नाव घातलं, "प्रिय आई", आणि दिलं पाठवून. खाली सही "दुकानवाली". हे नाव मला आईंनीच ठेवलेलं, रागानं. लोकांना आवडलं म्हणून मी सगळ्या पत्रांखाली तेच टाकते. मग बाईंना दुसरं काय वाटणार, सांगा ना!

ह्यांचे डोळे पाणावले. "तू लिहिलंस हे?" म्हणाले. मी मान हलवली, हो की नाही ते माझं मलाच कळलं नाही.

"आणि पंधरा टक्के सूट म्हणे!" आई खळखळून हसल्या. "म्हणजे मी शंभर बोलले तर पंधरा माफ. हिचा चेष्टेखोर स्वभाव काही जायचा नाही."

नंतर ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "आली ना? मग गप्प बस. वर आलेली लिफ्ट पुन्हा खाली कशाला पाठवतेस?" ह्यांचं सगळं लिफ्टवरच येतं.

पण मला गप्प बसवत नाहीये. शेजारच्या निवृत्त बाई, शाळेत शिकवायच्या त्या, रोज दुपारी येतात. आईंचं त्यांना सांगून झालं, दूधवाल्याला सांगून झालं, जिन्यात भेटेल त्याला सांगतायत, "सुनेनं पत्र लिहून बोलावलं मला. आजकाल कोण लिहितं?" प्रत्येक वेळी मला वाटतं, जमिनीनं पोटात घ्यावं.

हात जोडते, वहिनी, हे तुमच्यापाशीच ठेवा. त्यांना कळलं की ते पत्र मी लिहिलेलं नाही, मशीननं शेकडो अनोळखी माणसांबरोबर त्यांनाही पाठवलं, तर त्या ह्या वेळी गेल्या की पुन्हा यायच्या नाहीत. त्यांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे.

आणि त्यांचा जवळचा चष्मा तुमच्याकडे राहिलाय म्हणे. त्याशिवाय त्यांना टॅबवरच्या पत्त्यांच्या खेळापलीकडे काही दिसत नाही. औषधांबरोबर तेवढा पाठवा.

धाकटी

शुक्रवार, १५ मार्च

वहिनी,

औषधांचं पाकीट मिळालं. आत तुमची चिठ्ठी नव्हती, पाकीट उलटं करून झटकलं. चष्माही नव्हता. इतका राग धरलाय का माझ्यावर? असो. आज मला तुमच्याशिवाय सांगायला कुणी नाही, तेव्हा तुम्ही रागावलेल्या असलात तरी ऐका.

हे आठ-दहा दिवस इतके छान गेले, की मला भीतीच वाटायला लागली होती. आई रोज सकाळी टेबलापाशी त्यांच्या स्टुलावर बसतात. नवीन आलेली प्रत्येक कात्री डाव्या हातात धरून चिंध्या कापून बघतात. दोन कात्र्या त्यांनी बाजूला काढल्या, "ह्या उजव्याच आहेत, नुसती मूठ उलटी लावलीय, फसवतो तुला तो," म्हणाल्या आणि कारखानदाराला फोनवर असं फैलावर घेतलं, की त्यानं माल बदलून दिला. वर मलाच दटावलं, "तू काय बघत होतीस?" मला ते ऐकून बरं वाटलं. ओरडणारं कुणी नव्हतं ना इतके महिने.

आता ऐका काय झालं. आज सकाळी पार्सलं बांधता बांधता मी सहज म्हटलं, "चौथ्या पत्रावर गिऱ्हाइकं बरी परत येतात." आणि माझ्याच तोंडून "चौथ्या" ऐकून दचकले. चौथं आहे म्हणजे पाचवंही आहे! मालिका पाच पत्रांची. चौथ्यानंतर पंधरवड्यात माणसानं काही घेतलं नाही, की पाचवं आपोआप जातं. आणि पाचवं काय आहे, तर निरोपाचं. असं की, तुम्हाला आता आमच्यात रस दिसत नाही, तेव्हा तुमचं नाव आम्ही यादीतून काढून टाकतो.

हातातली कात्री टाकून धावले कॉम्प्युटरकडे. पत्र दहा वाजता गेलेलं. मी पोचले सव्वादहाला. "प्रिय आई" असं वर, आणि बाजूला हिरवी खूण, पोचलं.

वहिनी, वळून बघते तर आई बाल्कनीत, मांडीवर टॅब! पण नशीब, काल पत्ते खेळून खेळून त्याची बॅटरी संपली होती. "हे काही उघडेना गं," म्हणाल्या, "तो चार्जर दे." चार्जर माझ्या डोळ्यांसमोर, भिंतीला. मी काय करावं? तो उपटला आणि सोलण्यांच्या खोक्यात, अगदी तळाशी खुपसला. आणि म्हटलं, "दिसत नाहीये हो कुठे, आई."

एवढी शिकली-सवरलेली बाई मी, सगळ्या गावाला ईमेल पाठवते, आणि सासूचा चार्जर लपवते! माझाच पोपट झाला.

त्या सकाळपासून शोधतायत. गाद्या उचलल्या, ह्यांच्या हत्यारांची पेटी उपसली. ह्यांना फोन करून विचारलं. मी पण त्यांच्याबरोबर शोधतेय, वाकून वाकून, काय सांगू तुम्हाला. त्यांना चष्मा नाही हे एक बरं, पण दुपारी शेजारच्या बाई येणार, आणि त्या सगळं वाचून दाखवतात, अगदी औषधाच्या बाटलीवरची तारीखसुद्धा.

आणि आता लपवण्यात काही अर्थ नाही म्हणून सांगते. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, की मी त्यांना फारसं काही बोलले नाही. मी बोलले होते. मी म्हटलं होतं, "तुमच्या चिठ्ठ्यांपेक्षा माझा पोपट बरा. निदान माणसं तोडत तरी नाही." नेहमी एकाला दहा उत्तरं देणारी बाई गप्प झाली, आणि मला वाटलं, मी जिंकले.

आणि आता तोच पोपट त्यांना "नाव काढून टाकतो" म्हणून सांगणार. माझ्या सहीनं.

बाई आल्या वाटतं. पत्र असंच देते.

रविवार, १७ मार्च

वहिनी,

तुम्ही! तुम्हाला सगळं माहीत होतं! मी इथे रक्त आटवतेय आणि तुम्ही तिथे तोंड मिटून बसलात! थांबा, नीट क्रमानं सांगते, नाहीतर माझं डोकं फुटेल.

शुक्रवारी शेजारच्या बाईंना मी काहीतरी कारण काढून दारातूनच वाटेला लावलं. शनिवारही तसाच रेटला. आज सकाळी सोलण्यांची मोठी मागणी आली. मी आत होते. आईंनी हौसेनं खोकं उघडलं, सोलण्या काढत काढत तळाला गेल्या. मी बाहेर येते तर त्यांच्या डाव्या हातात चार्जर लोंबतोय.

माझ्याकडे बघितलं. गेल्या, टॅब लावला, त्याला जीव येईपर्यंत शेजारी बसून राहिल्या. हे रविवार म्हणून घरीच होते, ते पेपरामागे गेले ते पुन्हा बाहेर आलेच नाहीत.

मग आईंनी हाक मारली. "दुकानवाली, इकडे ये. तुझं दुसरं पत्र आलेलं दिसतंय. चष्मा नाही माझा. वाच."

टॅब माझ्या हातात दिला. वहिनी, मला वाटेल ते वाचता आलं असतं. त्यांना काही दिसत नव्हतं. "प्रिय आई, तुम्ही आलात, आनंद झाला," असं काहीही. माझ्या जिभेवर आलंही होतं. पण त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, पिन तोंडात धरून कुणाचं माप घेताना बघायच्या तशा, की मला खोटं बोलवेना. मी वाचलं.

"प्रिय आई. तुम्हाला आता आमच्यात रस राहिलेला दिसत नाही. आम्ही पुन्हा पुन्हा लिहून त्रास देणार नाही. तुम्हाला राहायचं असेल, तर खालचं बटण दाबा. नाही दाबलंत, तर आठवड्याभरात तुमचं नाव यादीतून काढून टाकू. तुमचीच, दुकानवाली."

मी थांबले.

"अजून आहे," आई म्हणाल्या.

"नाही, संपलं."

"खाली बारीक अक्षरात असतं. ते वाच."

मग वाचलं. "हे पत्र आपोआप पाठवलेलं आहे. अशी पत्रं नको असतील, तर इथे दाबा."

"हां," आई म्हणाल्या. "आधीच्या पत्राखाली पण तेच होतं."

वहिनी, मी त्यांच्या स्टुलावरच बसले. म्हटलं, "आई, तुम्हाला माहीत होतं?"

"तिकडे होते तेव्हापासूनच. थोरलीनं वाचून दाखवलं मला. शेवटाला आली, घसा साफ केला आणि टॅब उलटा ठेवून दिला. मला म्हणाली, बघा, किती मनापासून लिहिलंय. मग माझी बॅग स्वतः भरून दिली. ती स्वयंपाकघरात गेल्यावर मी चष्मा लावून बघितलं. एकदा नाही, पाठ होईपर्यंत."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या दिवशी जेवताना चष्मा नसताना त्यांनी अख्खं पत्र वाचलं कसं? त्या वाचत नव्हत्याच! टॅब नुसता समोर धरला होता.

आणि तुम्ही चष्मा पाठवला नाहीत, तो रागानं नाही. त्यांना ती बारीक अक्षरं दिसू नयेत म्हणून. फोन उचलला नाहीत, तो मी सुरुवातीलाच "मी नाही लिहिलं" म्हणून बसेन म्हणून. बरोबर ना? आणि मी तुम्हाला काय काय बोलले! त्यांचा कंटाळा आला होता का तुम्हाला, ते आता विचारत नाही. आला असेल तरी तुम्ही केलंत ते मला जमलं नसतं.

"मग आलात कशा?" मी विचारलं. मला रडू फुटलं होतं, डोळे पुसायचंही भान नव्हतं. "मशीननं बोलावलं, हे माहीत असताना?"

"सात महिने वाट बघितली मी," आई म्हणाल्या. "रोज वाटायचं, आज हिचा फोन येईल. नाही आला. शेवटी तुझ्या पोपटाला दया आली, तुला नाही आली." मग त्यांनी चिंधी उचलून नाक पुसलं. "पण पोपट शिकवल्याशिवाय बोलत नाही, एवढं मला कळतं. ते शिकवलं कुणी त्याला?"

"मी."

"कधी?"

"तुम्ही गेल्यावर. महिन्याभरानं."

"कुणाकडे बघून?"

मी ज्या स्टुलावर बसले होते त्याच्याकडे बोट दाखवलं. दुसरं काय सांगणार? वहिनी, बाकीची सगळी पत्रं मी इकडून तिकडून बघून लिहिली. हे एकच मी त्या रिकाम्या स्टुलासमोर बसून लिहिलं, आणि मग लाज वाटली म्हणून गिऱ्हाइकांच्या मालिकेत टाकून दिलं. लोक म्हणतात तुमची पत्रं फार आपुलकीची असतात, ती आपुलकी कुणासाठी होती ते मी स्वतःशीसुद्धा बोलले नव्हते.

"तेवढ्यावर आले मी," आई म्हणाल्या. "आता तू बोल. मी राहणार आहे की नाही, ते मला माहीत आहे. तुला मी हवी आहे का? पोपटाला नाही विचारत, तुला विचारतेय."

"राहा ना, आई."

"ऐकू नाही आलं."

"राहा म्हटलं ना!" मी एवढ्या जोरात ओरडले, की ह्यांच्या हातातला पेपर खाली पडला.

"हां, आता आलं," त्या म्हणाल्या. मी घाईघाईनं टॅब घेतला, त्या बटणावर बोट नेलं, तर त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. "दाबू नकोस ते. काढू दे माझं नाव. घरच्या माणसाचं नाव गिऱ्हाइकांच्या यादीत कशाला?"

म्हणून दाबलं नाही. आठवड्याभरात पोपट त्यांचं नाव काढेल. मी पहिल्यांदाच एक गिऱ्हाईक गेलं म्हणून आनंदानं रडले.

चिठ्ठ्या परत सुरू झाल्यात. अट एकच, पार्सल बंद करण्याआधी मी वाचणार. आजची पहिली होती, "कात्री जपून वापरा. परत पाठवायची असेल तर आधी दहा वेळा विचार करा." मी "दहा वेळा" खोडलं, त्यांनी "पाच" लिहिलं. आमचं जमेल असं वाटतंय.

हे पत्र आई मागतायत. खाली त्यांना काही लिहायचंय म्हणे. चष्मा नाही, तेव्हा ओळी वाकड्या येतील, सांभाळून घ्या.

तुमचीच, आणि ह्या वेळी खरोखर हातानं,

धाकटी

थोरलीस,

चष्मा विसरले नव्हते, मुद्दाम ठेवून आले. तुझ्या कपाटात वरच्या खणात आहे. कुरिअरनं पाठवलास तर परत करीन. स्वतः घेऊन ये.

आई